तळाचं शून्य

"मॅडम, आमचे गाईड म्हणतायत कोपऱ्यात शून्य पाहिजे," राजवर्धन म्हणाला आणि त्याने प्रबंधाची पानं टेबलावर पसरली. "शून्य नसलं की आलेख अर्धवट दिसतो म्हणे."

संयोगिताने चष्मा कपाळावर चढवला. सांगलीत विश्रामबागेतल्या या खोलीत बसून ती गेली कित्येक वर्षं लोकांचे प्रबंध छापण्यासाठी जुळवून देत होती. समास, तळटिपा, समीकरणं, आलेख, सगळं संगणकावर नीट मांडून द्यायचं हा तिचा धंदा. या धंद्यात गाईड नावाच्या माणसाचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, हे तिला ठाऊक होतं. एका गाईडने तर आभाराच्या पानावर स्वतःचं नाव ठळक अक्षरात करून घेतलं होतं. पण शून्याचं प्रकरण वेगळं होतं. तिथे तिचंही काही चालणार नव्हतं आणि गाईडचंही.

राजवर्धनचा विषय होता दुधातले जिवाणू. सकाळी धार काढली तेव्हा दुधात किती होते, दुपारी किती झाले, संध्याकाळपर्यंत किती. सुरुवातीला ते मूठभर असतात आणि दिवस मावळेपर्यंत कोटीत जातात. साध्या आलेखात सकाळची दुपारची सगळी टिंबं तळाला चिकटून बसतात आणि शेवटचं एकटंच आकाशाला भिडतं. म्हणून उभ्या अक्षाची मोजपट्टी बदलायची.

"हे बघ," संयोगिता म्हणाली, "साध्या अक्षावर एक घर वर गेलं की ठरावीक आकडा मिळवायचा. या अक्षावर एक घर वर गेलं की दहाने गुणायचं. एक, दहा, शंभर, हजार. आता खाली ये. दहाने भागायचं. एकाच्या खाली काय?"

"एक दशांश."

"त्याच्या खाली?"

"एक शतांश."

"भागत बस. शून्य कुठल्या घरात येतं तेवढं मला सांग."

राजवर्धन जरा वेळ बोटांवर मोजत बसला. मग त्याचा चेहरा बदलला. "येतच नाही की."

"तेच गाईडना सांग. गोडीगुलाबीने सांग, नाहीतर तोंडी परीक्षेला उट्टं काढतील."

"पण मॅडम, कागद मोठा घेतला तर?"

"घे की. इथून पार कृष्णेच्या डोहात सोड कागद. डोहाचा तळ फोडून खाली ने. तरी शून्य आपलं खालीच."

ती हसली. बी. एस्सी.ला तिने पहिल्यांदा हा अक्ष पाहिला, तेव्हा तिला तो कुणीतरी केलेला चमत्कारच वाटला होता. वीतभर कागद, आणि त्यात एका टोकाला एक जिवाणू नि दुसऱ्या टोकाला कोटी. दोघांना सारखाच मान. मोठ्याने धाकट्याला चिरडायचं नाही. आता पोटापाण्याचा धंदा म्हणून ती रोज असे आलेख काढत होती, तरी ते नवल ओसरलं नव्हतं. नवरा रविराज तिला चिडवायचा, की बायका दागिन्यांकडे बघतात तशी तू अक्षांकडे बघतेस.

तेवढ्यात फोन वाजला. गावाकडून आईचा होता. आटपाडी तालुक्यातल्या माळावर संयोगिताचं माहेर. पिढ्यान् पिढ्या मेंढरं राखलेलं घर, आता थोडी डाळिंबाची झाडंही.

"संयोगे," शालूबाईचा आवाज दबका होता, "तुज्या आबाच्या गोळ्या ट्रंकंत तशाच हायत गं."

"कसल्या गोळ्या?"

"आगं, रगताच्या. आज ट्रंक उन्हाला टाकाय काढली, तर तळाला पाकिटांची चळत. दिवाळीपासनं एक बी खाल्ल्याली न्हाई."

संयोगिता उभी राहिली. "आबा कुठं हाईत?"

"मेंढरामागं गेल्यात न्हवं का. पलूसकडं वाडा हाय आपला. म्या जोतिबाच्या फोनवर इचारलं त्यास्नी. तर म्हनत्यात, शून्य झालंय माजं. संयोगीनंच छापून दिलंय. आता कशाला खायाच्या?"

फोन ठेवल्यावर संयोगिताला राजवर्धन समोर आहे हेसुद्धा आठवेना. तो गोंधळून पानं गोळा करायला लागला. "उद्या ये," एवढंच ती म्हणाली.

तो गेल्यावर तिने संगणकात एक जुनी फाइल उघडली. उभ्या अक्षावर वरून खाली आकडे होते: १००, १०, १, ०.१, ०.०१. आणि सगळ्यांत खाली, कोपऱ्यात, ठसठशीत ०. शेवटचं काळं टिंब त्या शून्यावर अलगद टेकलेलं होतं.

ते शून्य तिनेच घातलं होतं.

नाथाजीला, म्हणजे तिच्या आबाला, रक्ताचा आजार निघाला त्याला तीनेक वर्षं झाली होती. आधी नुसता थकवा, मग डाव्या बरगडीखाली जडपणा. मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं की हा कर्करोगच आहे, पण गोळीला बधणारा आहे. रोज एक गोळी, जेवणानंतर. बरं वाटलं तरी सोडायची नाही. दर तीन महिन्यांनी रक्त तपासायचं आणि त्यात आजाराची खूण किती उरली तो आकडा बघायचा.

गोळी लागू पडली. आकडा शंभरावरून दहावर आला, दहावरून एकावर, मग दशांशात शिरला. दर खेपेला तो दहापट घसरत होता आणि संयोगिता प्रत्येक वेळी आलेखावर नवं टिंब ठेवत होती. ज्या अक्षावर ती लोकांचं दूध, माती आणि भूकंप मांडायची, त्याच अक्षावर तिच्या बापाचा जीव पायरी पायरीने उतरत सुरक्षित जागी येत होता. ते बघून तिला एकदा या टेबलाशी बसूनच रडू आलं होतं.

गेल्या पावसाळ्यात अहवाल आला, 'आढळले नाही.' डॉक्टर म्हणाले, छान, पण गोळी चालू राहू दे. संयोगिताला राहवलं नाही. आबांना घरी लावायला म्हणून तिने हा आलेख सुबक जुळवला आणि चांगल्या जाड कागदावर छापला. शेवटचं टिंब कुठे ठेवायचं, हा प्रश्न होता. ते तिने तळाला ठेवलं. मग तिला कोपरा उघडा वाटायला लागला. हायस्कूलमध्ये भूमितीचे सर होते. आलेखाच्या कोपऱ्यात शून्य आणि उजवीकडे वर प्रमाण नसेल तर अर्धा गुण कापायचे. ती सवय हाडात भिनलेली. तिने शून्य टाकून पाहिलं तर संगणक घेईना, चूक दाखवायला लागला. मग तिने सगळ्यात खालच्या आकड्याचं नाव पुसून त्या जागी नुसतं ० असं चिन्ह लिहिलं. यंत्राला काय कळणार खाली काय छापलंय ते. यंत्र गप्प बसलं.

दिवाळीनंतरची तपासणी ते मेंढरांमागे गेल्यामुळे राहून गेली होती. आबांना तो कागद फार आवडला होता. त्यांनी तो देव्हाऱ्याच्या बाजूला खिळ्याला अडकवला. दशांशचिन्हं त्यांना वाचता येत नव्हती, पण शून्य काय असतं ते कळत होतं. सगळ्या कागदावर तेवढीच एक ओळखीची खूण होती.

संयोगिताने ते शून्य काढून टाकलं. आता तिथे खरं काय लिहायचं? दहाचा उणे तिसरा घात? प्रबंधात ते शोभलं असतं. आबांपुढे ते ठेवणं म्हणजे आंधळ्यापुढे आरसा धरण्यासारखं. टक्केच सोडून द्यावेत, असं तिच्या मनात आलं. शंभरात किती यापेक्षा लाखात किती असं मोजलं, तर दशांशचिन्ह लागणारच नाही. सगळं रक्त रोगी असतं तेव्हा लाखात लाख. एक पायरी उतरली की दहा हजार. मग हजार, शंभर, दहा, एक.

ती खालून वर आकडे लिहीत गेली आणि मध्येच तिचा हात थांबला. कारण तिच्या डोक्यात आवाज सुरू झाला होता. माळावरची शाळा, शेणाने सारवलेली जमीन, आणि चाळीस पोरं एका सुरात म्हणतायत: एकं, दहं, शतं, सहस्र, दशसहस्र, लक्ष, दशलक्ष, कोटी. प्रत्येक शब्दाला एकच ठेका. एकं म्हणायला जेवढा वेळ, तेवढाच कोटी म्हणायला. पायरी दहापट होत जायची, पण ताल मोडायचा नाही.

हाच तो अक्ष. तो आपण कॉलेजात शिकलो असं ती समजत होती, आणि तो तर तिला पहिलीतच पाठ झाला होता. तिलाच काय, आबांनाही. त्यांच्या बापालाही कदाचित. कुणीतरी कधीतरी, कागद नसताना, आलेख नसताना, प्रत्येक दहापटीच्या पायरीला एकेक नाव देऊन ठेवलं होतं आणि ती शिडी पोरांच्या तोंडी देऊन टाकली होती. संयोगिताने आकडे पुसले आणि अक्षावर ते शब्द बसवले. सगळ्यात खाली एकं. त्याच्याखाली एक तुटक रेघ, आणि रेघेखाली बराचसा कोरा कागद. ट्रंकेतली पाकिटांची चळत आठवली तशी तिने छपाईची कळ दाबली.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्कूटीला टाच मारून ती निघाली. माधवनगर, नांद्रे, वसगडे. रस्त्याला उसाच्या ट्रॉल्या लागल्या होत्या आणि त्यांच्या मागे मागे जावं लागत होतं. डिकीत कागदाची गुंडाळी होती आणि आईने रात्रीच आटपाडीच्या एसटीबरोबर पाठवलेली गोळ्यांची पाकिटं.

पलूसच्या अलीकडे नानासो नावाच्या बागायतदाराच्या रानात वाडा, म्हणजे मेंढपाळांचा तळ, उतरला होता. उसाचा खोडवा मोडलेलं काळं रान, त्यात खत बसावं म्हणून मेंढरं बसवायची, आणि त्याबदल्यात शेतकरी धान्य देतो. ही जुनीच रीत. दिवाळी झाली की माळावरची मेंढरं नदीकाठाला उतरायची आणि पावसाळ्याच्या तोंडाला परत चढायची. नाथाजीने जाणता झाल्यापासून ही वाट कधी चुकवली नव्हती. आजार निघाल्यावर मात्र सलग तीन खेपा चुकल्या. गोळीने पायात रात्रंदिवस गोळे यायचे, डोळ्यांखाली सूज यायची, आणि मैलभर चाललं की बसावं लागायचं.

आता तो बांधावर उभा होता. डोईला लाल मुंडासं, खांद्यावर काठी. डोळ्यांखालची सूज गेलेली. लांबून संयोगिताला तो तिच्या लहानपणीचा आबा वाटला.

"कोन, संयोगी?" तो पुढे आला. "आगं, आदी फोन तरी करायचा. दूध तरी ठेवलं असतं."

"आबा, गोळ्या का सोडल्या?"

नाथाजीने जोतिबाकडे पाहिलं. जोतिबा त्याचा पुतण्या, सगळा वाडा आता तोच सांभाळत होता. तो उगाचच एका मेंढीचं खूर बघायला वाकला.

"बस तरी," नाथाजी म्हणाला. "ह्यो बघ पाय." त्याने धोतर गुडघ्यापर्यंत उचललं. "गोळा न्हाई, सूज न्हाई. आटपाडीपासनं हितपातूर चालत आलोय मी. दोन ठिकानी बसलो असंल फकस्त. गेली तीन वरसं मी घरात नुस्ता भिताडाला टेकून बसलो हुतो. मानूस हाय का खुटा हाय, कळत नव्हतं."

"डाक्टरनी सांगितलं हुतं ना, सोडायची न्हाई म्हनून?"

"डाक्टर तोंडानं सांगतुया. तू छापून दिलंस. शून्य."

संयोगिता खाली बसली. काळी ढेकळं तिच्या चपलेला लागत होती.

"आबा, ते शून्य खोटं हाय. मी घातलं हुतं."

"खोटं?"

"यंत्र घेत नव्हतं. मी त्येला फसवून घातलं. कोपरा मोकळा दिसत हुता म्हनून. आन मला वाटलं, शून्य बघून तुमास्नी बरं वाटंल."

नाथाजीने काठी आडवी केली आणि तिच्यावर दोन्ही हात ठेवले.

"वाटलं की," तो म्हणाला. "लय बरं वाटलं."

पोरीवर तो ओरडला असता तर संयोगिताला बरं वाटलं असतं. तिने डोळे पुसले आणि गुंडाळी उलगडली. वारा कागद उडवायला बघत होता, म्हणून जोतिबाने चार कोपऱ्यांवर चार ढेकळं ठेवली.

"ह्ये काय?" नाथाजीने विचारलं.

"तुमचंच हाय, त्येच. फकस्त नावं बदलली. लाखात आजारी किती, त्ये लिवलंय. हितनं वाचा. खालनं वर."

त्याला अक्षरं लावायला वेळ लागायचा. शाळेत तो दुसरीपर्यंतच गेलेला. त्याने बोट ठेवलं आणि ओठ हलवत एकेक अक्षर जुळवलं. "ए...कं." बोट वर सरकलं. "द...हं." आणि मग त्याला पुढचं वाचावं लागलंच नाही. बोट आपोआप पायऱ्या चढत गेलं. "शतं. सहस्र. दशसहस्र. लक्ष." तो थांबला आणि संयोगिताकडे बघून चक्क हसला. "आगं, ह्ये तर मला येतंय. मास्तर छडी घिऊन म्हनून घ्यायचा. आमी मेंढरं इसानं मोजायचो, एक ईस, दोन ईस, आन शाळंत ह्ये. कुठं कामाला येनार म्हनायचो."

"हितं आलं बगा कामाला. पहिल्या तपासाला तुमी हितं हुता." तिने लक्षजवळच्या टिंबावर बोट ठेवलं. "समदं रगत. मग हितं. मग हितं. दर टायमाला धा पट कमी."

नाथाजी कागदावर वाकला. दोन शब्दांच्या मध्ये बारीक रेघा होत्या, दोनपासून नवापर्यंतच्या. वर जाताना त्या एकमेकींना दाटत जात होत्या आणि पुढचा शब्द आला की पुन्हा सुट्या होत होत्या.

"ह्या रेगा अशा का?"

"दोनपासनं नऊपातूर. तशाच बसत्यात त्या."

"दारात मेंढरं दाटत्यात तशा," तो म्हणाला. "दार वलांडलं की पुन्यांदा मोकळी." तो बराच वेळ त्या रेघांवरून बोट फिरवत राहिला. संयोगिताने हजार वेळा त्या रेघा काढल्या होत्या. त्या कशासारख्या दिसतात असा विचार तिने कधी केला नव्हता. आता तिला त्या दुसऱ्या कशासारख्या दिसेनात.

"आन एकंच्या खाली?" त्याने विचारलं. "ही तुटकी रेग कसली?"

"तितनं खाली रगत तपासायच्या यंत्राला दिसत न्हाई. तुमचं शेवटचं टिंब त्या रेगंच्या खाली कुटंतरी हाय. कुटं, ते ठावं न्हाई. पर तितं बी पायऱ्या हायत, आबा. लाखात एक न्हाई, तर धा लाखात एक. न्हाई तर कोटीत एक."

"आन शून्य?"

"शून्य न्हाईच. कितीबी उतरा."

"म्हंजे ह्येला तळच न्हाई?"

"न्हाई."

"आन वर?"

"वर बी न्हाई. लक्ष, दशलक्ष, कोटी, म्हनाल तितकं."

नाथाजीने मुंडासं काढून मांडीवर ठेवलं. देवळात गेल्यावरही तो मुंडासं काढत नसे. त्याची नजर कागदावरून रानावर गेली, रानापलीकडे उभ्या उसावर आणि तिथून वर. संयोगिताने बापाला पुष्कळ गोष्टींनी दमलेला पाहिला होता, असा दिपलेला कधीच नाही.

"एवड्याशा कागदात," तो म्हणाला.

जोतिबाही येऊन वाकून बघत होता. मेंढरं चरत चरत कागदाच्या कडेपर्यंत आली आणि एकाने कोपरा हुंगला, तेव्हा नाथाजीने त्याला हाताने हळूच बाजूला केलं.

"एकदा खरजेचं एकच मेंढरू ऱ्हायलं हुतं," तो जोतिबाला म्हणाला. "तुज्या बापाच्या वक्ताला. समदी बरी झाली, त्येला बी येक डाग फकस्त हुता कानामागं. म्हनलं, जाऊ दे. म्होरल्या अमुशापातूर निम्मा कळप खाजवाय लागला." त्याने संयोगिताकडे पाहिलं. "तसंच न्हवं?"

"तसंच."

"गोळी खाऊन चालाय येनार न्हाई मला."

ती त्याला सांगू शकली असती की होईल सवय, येईल चालता. पण एकदा कोपरा भरण्यासाठी तिने काय केलं होतं, ते समोर दिसत होतं. ती म्हणाली, "न्हाई. लांबचं न्हाई जमायचं."

नाथाजी उठला. त्या दिवशी तो मेंढरांमध्ये फिरत राहिला. एकेकीच्या पाठीवर हात ठेवत, एकेकीच्या नावाने बोलत. संयोगिता बांधावर बसून होती. ऊन कलल्यावर तो परत आला, जोतिबाकडे काठी दिली, आणि स्कूटीच्या मागच्या सीटवर बसला. "चल मिरजंला," एवढंच म्हणाला. वसगड्याच्या पुढे गेल्यावर त्याने मागून तिच्या खांद्याला धरलं आणि माधवनगर येईपर्यंत सोडलं नाही.

अहवाल आला तेव्हा नवं टिंब सहस्रवर होतं. दिवाळीपासूनच्या काही महिन्यांत आजार न दिसणाऱ्या पायऱ्या चढून, तुटक रेघ ओलांडून, एकं, दहं, शतं मागे टाकून वर आला होता. साध्या आलेखात हे टिंब तळाला चिकटलेलंच दिसलं असतं. संयोगिताने ते मुद्दाम तसं काढूनही पाहिलं. खरंच, काहीसुद्धा झालं नाही असं वाटत होतं. त्या गोष्टीची तिला जेवढी भीती वाटली तेवढी आजाराचीही वाटली नसेल.

डॉक्टर रागावले नाहीत. वेळेत आलात, म्हणाले, आणि गोळी पुन्हा सुरू झाली. आठवड्यातच डोळ्यांखालची सूज परत आली.

राजवर्धनचा प्रबंध छापून झाला. शून्याविना. गाईडनी म्हणे बराच विचार केला आणि सांगितलं, ठीक आहे, पण मग उजव्या कोपऱ्यात प्रमाण तरी टाका. संयोगिताने निमूटपणे टाकलं. कुठल्या शाळेत कुठल्या सरांनी त्यांचा अर्धा गुण कापला असेल, देव जाणे.

पावसाळ्याच्या तोंडाला मेंढरं माळावर परत चढली आणि नाथाजीने ती विकायला काढली. बरीचशी जोतिबानेच घेतली, उरलेली आटपाडीच्या बाजारात गेली. आईने हे फोनवर सांगितलं तेव्हा तिच्या आवाजात रडणं नव्हतं, तक्रार होती.

"समदी इकली, आन एक ठिवलीया. काळ्या तोंडाची. म्या म्हनलं, एका मेंढरासाटी कोन चारापानी करनार? त्येला सोबत न्हाई, काय न्हाई, दिसभर वरडतंय. इक म्हनलं ती बी. तर म्हनत्यात, न्हाई. शून्य करायचं न्हाई."

पुढच्या तपासणीचा अहवाल घेऊन संयोगिता स्वतः गावी गेली. टिंब एक पायरी उतरलं होतं. सहस्रवरून शतंवर. पुन्हा तीच उतरण, पुन्हा पहिल्यापासून, पण उतरण होती. देव्हाऱ्याच्या बाजूचा जुना कागद काढलेला होता. खिळा तसाच होता. तिने नवा कागद त्याला अडकवला. नाथाजीने जवळ येऊन पाहिलं, नव्या टिंबावर बोट टेकवलं, तुटक रेघेखालच्या कोऱ्या जागेकडे पाहिलं, आणि मान हलवली. जेवणाआधी त्याने गोळी ताटाशेजारी काढून ठेवली. शालूबाईने भाकरी वाढली. जेवण झाल्यावर त्याने पाण्याबरोबर गोळी गिळली, तोंड वाकडं न करता.

दिवस कलला तशी काळ्या तोंडाची मेंढी माळावरून एकटीच चरत आली. घरामागचं वाडगं पूर्वीसारखंच होतं, काट्यांच्या कुंपणाचं, शेकडो मेंढरं मावतील असं ऐसपैस. नाथाजी भिंतीला धरत धरत उठला. पायात गोळा आला होता, तो चालताना मध्ये थांबला. संयोगिता आधाराला पुढे झाली, पण त्याने हाताने नको म्हटलं.

तो वाडग्याच्या दाराशी जाऊन उभा राहिला. आयुष्यभर रोज संध्याकाळी उभा राहायचा तसाच, एक पाऊल पुढे, उजवा हात दाराच्या आडवा धरून, म्हणजे आत जाणारं प्रत्येक मेंढरू त्या हाताखालून जाईल आणि मोजल्याशिवाय एकही सुटणार नाही. मेंढी दाराशी येऊन जराशी घुटमळली. मग त्याच्या हाताखालून आत गेली.

त्याने तिच्या पाठीला हात लावला.

"एकं," तो म्हणाला, आणि काट्याचा झाप ओढून त्याने दार लावून घेतलं.